पर्वतीचा पायथा

पर्वती किती उंच, असे पुणेकराला विचारा. तो फूट-मीटरच्या भानगडीत पडत नाही, '१०३ पायऱ्या' म्हणून मोकळा होतो. समुद्रसपाटीपासून मोजले तर माथा सुमारे २१०० फुटांवर आहे. पण पुणे शहरच मुळात साडेअठराशे फुटांच्या आसपास वसलेले असल्याने प्रत्यक्ष चढ अडीचशे फुटांच्या घरातला. सह्याद्रीत भटकणाऱ्याला हा डोंगर म्हणायलाही संकोच वाटेल. तरी या टेकडीने पेशवाईचा बहर पाहिला, तिचा शेवट पाहिला, मंदिरप्रवेशाच्या लढ्यात दगड खाल्लेली माणसे पाहिली आणि अलीकडे दोन वर्षांत दोन पूरही पाहिले. यातले बरेचसे माथ्यावरच्या देवळात घडलेले नाही. ते घडले उतारावर, पायऱ्यांवर आणि पायथ्याशी. फोटोत मात्र नेहमी माथाच येतो.

आधी दगड पाहू. पुण्याभोवतीच्या सगळ्या टेकड्यांप्रमाणे पर्वतीही काळ्या फत्तराची, म्हणजे बेसाल्टची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. तो एकदाच वाहून थांबला नाही. एक थर निवला की काही काळाने त्यावर दुसरा आला. हे थर आजही आडवे पडून आहेत. काही थर घट्ट, पहारीलाही दाद न देणारे. काही सच्छिद्र, निवताना वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले. त्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजे भरली. सच्छिद्र थर लवकर झिजतो, त्याचा मुरूम होतो. घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो. म्हणून या टेकड्यांची बाजू एकसारखी उतरत नाही. चढ, मग थोडी सपाटी, पुन्हा चढ, अशी ती टप्प्याटप्प्याने वर जाते.

पर्वती एकटी उभी असल्यासारखी दिसते, पण तसे नाही. सिंहगडापासून पूर्वेकडे भुलेश्वराच्या दिशेने जी डोंगररांग जाते, तिचा एक फाटा कात्रजच्या बाजूने उत्तरेकडे शहरात घुसतो. पाचगाव, तळजाई असे करत तो फाटा जिथे संपतो, ते टोक म्हणजे पर्वती. तळजाईच्या पठारावरून उत्तरेकडे चालत आले की हे ध्यानात येते. मोर ओरडतात ती झाडी मागे पडते आणि समोर एकदम शहर पसरलेले दिसते. या टेकड्यांवर माती मुळातच थोडी. इथला खरा रहिवासी म्हणजे गवत आणि काटेरी झुडपे. हिरवे दिसावे म्हणून मागच्या काही दशकांत वनखात्याने लावलेला गिरिपुष्प मात्र आता इतका माजला आहे की त्याच्याखाली गवतही धड उगवत नाही.

या भूगोलातली कळीची गोष्ट अशी, की पर्वती आणि कात्रजचा डोंगर यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा आहे आणि त्यातून आंबिल ओढा वाहतो. कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस या ओढ्याने पर्वतीच्या पायथ्याशी येतो. देऊळ बांधायचे तर टेकडी पाहिली जाते. शहर वाढवायचे तर ओढा पाहावा लागतो. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांनी दोन्ही पाहिले, आणि ते जवळजवळ एकाच वेळी.

देवळाची कथा पुण्यात सर्वांना ठाऊक आहे. नानासाहेबांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाला दुखणे होते. पर्वतीवरची देवी नवसाला पावते असे कोणी सांगितले, त्यांनी नवस बोलला, गुण आला आणि मुलाने देऊळ बांधले. १७४९ साली देवदेवेश्वराची प्रतिष्ठापना झाली. मधोमध शिवाचे मुख्य देऊळ आणि भोवती पंचायतनातल्या देवांची लहान देवळे, अशी ही रचना. पुढे कार्तिकेय, विष्णू, विठ्ठल-रुक्मिणी यांची देवळे आली आणि माथ्यावरची जागा भरत गेली.

पायऱ्यांकडे जरा थांबून पाहावे. त्यांची उंची कमी आणि रुंदी ऐसपैस. सवयीचे पाऊल टाकले तर एक पाऊल पुरत नाही आणि दोन जास्त होतात. त्यामुळे नवखा माणूस दर पायरीवर लय चुकतो, आणि रोजचा माणूस दीड पावलाची चाल नकळत शिकून घेतो. ही बांधणी माणसाच्या पायासाठी नव्हतीच. हत्ती-घोड्यांना वर जाता यावे म्हणून ती तशी ठेवलेली. मधल्या टप्प्यावर लिंबू-सरबताचा पेला हातात घेऊन टेकलेले आजोबा आणि पोलीस भरतीची तयारी म्हणून याच पायऱ्यांवर पळणारी मुले, दोघेही आज हत्तींसाठी काढलेल्या वाटेचा उपयोग करत असतात.

ओढ्याचे काम याहून मोठे होते. आंबिल ओढा त्या काळी जुन्या गावाच्या अंगावरून वाहायचा. पावसाळ्यात फुगला की त्रास व्हायचा, आणि त्याच्या काठच्या जमिनीवर वस्ती करणे कठीण जायचे. नानासाहेबांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून ओढा पश्चिमेकडे वळवण्यात आला. त्या बांधामागे तळे झाले, सुमारे २५ एकरांचे. तळ्याच्या मध्ये एक बेट ठेवले, त्यावर बाग केली. पुढे सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, तिथे गणपतीचे देऊळ झाले. तोच आजचा तळ्यातला गणपती, म्हणजे सारसबागेचा. तळे केव्हाच आटले, पण गणपती अजून 'तळ्यातला'च आहे.

या तळ्याच्या कामाची एक गोष्ट जुन्या कागदांत आणि लोकांच्या तोंडी टिकून आहे. काम रेंगाळले म्हणून चिडलेले नानासाहेब हत्तीवरून उतरले आणि स्वतः दगड उचलू लागले. मग काय, बरोबरच्या सरदारांनाही अंगरख्याच्या बाह्या सारून दगड वाहावे लागले. अशा गोष्टींवर किती विश्वास ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवावे. काम मात्र झाले. ओढा हटल्यावर जुन्या गावाच्या बाजूची जमीन मोकळी झाली आणि पेठा पसरायला वाव मिळाला.

त्याच सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी शहरात आणण्यात आले. यासाठी पंप नव्हता, चाक नव्हते. कात्रज उंचावर, शहर सखल. या फरकावरच दगडी बांधणीचा भुयारी नळ काढला. माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल एवढा तो मोठा होता. वाटेत ठिकठिकाणी हवा खेळावी आणि गाळ बसावा म्हणून उभे झरोके ठेवले, त्यांना 'उसासे' म्हणत. शहरात हे पाणी हौदांत पडे. नाना हौद, काळा हौद, सदाशिव पेठ हौद ही नावे अजून जुन्या पुणेकरांच्या तोंडात आहेत, त्यातले काही हौद आता पाण्याऐवजी पत्त्यासाठी वापरले जातात. पर्वतीवरच्या देवळाची जेवढी वर्णने लिहिली गेली, त्याच्या निम्मीही या नळाची लिहिली गेली नाहीत. नानासाहेबांचे नाव शहराने कशासाठी घ्यावे असे विचारले, तर या लेखकाचे मत नळाच्या बाजूने पडेल.

पर्वती नानासाहेबांना आणखी एका कारणाने चिकटली आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. थोरला मुलगा विश्वासराव गेला, चुलतभाऊ सदाशिवराव भाऊ गेला, फौज गेली. खचलेले नानासाहेब पुण्याला परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवरच वारले. वय अवघे ४०. त्यांची समाधी खाली मुठेकाठी आहे. वर त्यांचे स्मारक आहे आणि शेजारच्या संग्रहालयात पेशवेकालीन वस्तू मांडलेल्या आहेत.

पायथ्याशी रमणा होता. श्रावणात दूरदूरहून आलेल्या ब्राह्मणांना तिथे दक्षिणा वाटली जाई. एकाने दोनदा घेऊ नये म्हणून आवाराचे दरवाजे बंद करून एकेकाला बाहेर सोडण्याची व्यवस्था असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात विद्वत्तेची परीक्षा कमी आणि जातीची खात्री पुरेशी, अशी या दक्षिणेची अवस्था झाली. १८१८ नंतर कंपनी सरकारने ती एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग १८२१ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. १८४९ मध्ये सुधारकांनी अर्ज केला की या पैशातून मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत. अर्जाच्या मागे लोकहितवादी होते; सनातनी मंडळी अंगावर येतील म्हणून अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले ते जोतीराव फुले. पुढे याच निधीतून दक्षिणा फेलोशिप निघाल्या आणि मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. पर्वतीच्या पायथ्याशी ओंजळीत पडणारे नाणे असे फिरत फिरत छापखान्यापर्यंत पोहोचले.

५ नोव्हेंबर १८१७ ची दुपार. ब्रिटिश रेसिडेंट एल्फिन्स्टनने संगमावरचा बंगला सोडून खडकीच्या छावणीचा आश्रय घेतला होता. पेशव्यांच्या माणसांनी मागे तो बंगला जाळला. बापू गोखले फौज घेऊन गणेशखिंडीच्या मैदानात होते आणि दुसरा बाजीराव पर्वतीवर. वरून खडकीचे मैदान सहा-सात किलोमीटरवर. तोफांचा धूर दिसला असेल, आवाज ऐकू आला असेल; कोण पुढे सरकतो आणि कोण हटतो हे कळण्याजोगे अंतर नव्हे. कंपनीची फौज तीन हजारांच्या आत होती, पेशव्यांची तिच्या कित्येक पट. घोडदळाने हल्ला चढवला, पण कंपनीच्या रांगेपुढे दलदल होती हे घोडेस्वारांना ऐन वेळी कळले. घोडे रुतले, रांग मोडली, जरीपटका घेऊन पुढे झालेले मोर दीक्षित पडले. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले.

पर्वतीवर आलेल्या शाळेच्या सहलीला बाजीरावाने लढाई पाहिली ती जागा हमखास दाखवतात, आणि 'तो पळपुटा' हे वाक्यही जोडून देतात. बाजीरावाचा कैवार घेण्याचे कारण नाही. पण त्या दिवशी निकाल लागला तो पर्वतीवर कोण उभे होते यावरून नाही, खडकीच्या चिखलावरून लागला. टेकडीवरून सगळा मुलूख दिसतो खरा. चिखल मात्र वरून हिरवळीसारखाच दिसतो. बाजीरावाने इथे वाडाही बांधायला घेतला होता. त्यावर वीज पडली असे सांगतात. त्याचे पडके अवशेष माथ्यावर अजून आहेत.

विसाव्या शतकात पर्वतीच्या पायऱ्या पुन्हा चर्चेत आल्या, त्या वेगळ्याच कारणाने. माथ्यावरचे देऊळ सर्व हिंदूंचे म्हणत, पण अस्पृश्य मानलेल्यांना तिथे प्रवेश नव्हता. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचा प्रश्न पेटला होता, महाडचा सत्याग्रह झाला होता. पुण्यात शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज या कार्यकर्त्यांनी पर्वतीचा प्रश्न हाती घेतला. विश्वस्तांकडे मागणी करून झाली, उपयोग झाला नाही. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी सत्याग्रही पायऱ्यांकडे निघाले. त्यांच्याबरोबर काकासाहेब गाडगीळ, केशवराव जेधे, एस. एम. जोशी अशी सवर्ण मंडळीही होती. एस. एम. तेव्हा पंचविशीच्या उंबरठ्यावरचे तरुण होते.

वर देऊळ बंद करण्यात आले. सत्याग्रहींवर दगड पडले, काही जण जखमी झाले. हत्तींना वर जाता यावे म्हणून एवढ्या रुंद बांधलेल्या पायऱ्यांवर माणसाला वाट मिळाली नाही. सत्याग्रह पुढे जानेवारी १९३० पर्यंत रेटला गेला, पण देवळाचे दार उघडले नाही. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, २ मार्च १९३० ला, नाशिकला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो मोठा आणि लांबलेला लढा होता, त्यामुळे पर्वतीचे नाव मागे पडले. शालेय पुस्तकात काळाराम असतो, पर्वती क्वचितच. आजही पायऱ्या चढणाऱ्यांपैकी कितींना हा इतिहास ठाऊक असतो, हा प्रश्नच आहे. बाजीरावाची जागा माहीत असते, राजभोजांचे नाव नसते. मंदिरप्रवेश कायद्याने मोकळा झाला तो १९४७ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलासाठी उपोषण केले होते.

स्वातंत्र्यानंतर पायथा झपाट्याने बदलला. आटलेल्या तळ्याच्या एका भागात १९५३ मध्ये पेशवे पार्क हे प्राणिसंग्रहालय झाले. १९५६ मध्ये तिथे 'फुलराणी' ही लहान मुलांची आगगाडी धावू लागली. साठ-सत्तरच्या दशकांत वाढलेल्या पुणेकराच्या मनात पर्वती म्हणजे आधी वाघ, मग फुलराणी, मग सारसबागेबाहेरची भेळ, आणि या सगळ्यानंतर पाय शिल्लक असतील तर १०३ पायऱ्या. पुढे प्राणी कात्रजला हलवले गेले, म्हणजे जिथून पेशव्यांनी शहराला पाणी आणले त्याच दिशेला.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि खाली खडकवासल्याचे धरणही फुटले. मुठेकाठची घरे वाहून गेली. पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या सहकारनगर, पर्वती दर्शन या पर्वतीच्या आसपास. नदीपासून लांब आणि उंच म्हणून ही जागा बरी वाटली, आणि नदीच्या हिशेबाने ती बरी होतीही. पण इथे एक ओढा होता आणि एक कालवा.

कालवा ब्रिटिशांनी काढला. १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण झाले आणि त्याच्या उजव्या बाजूचा मुठा कालवा डोंगराची सखल कड धरत शहरात आला. तो पर्वतीच्या पायथ्याला वळसा घालून स्वारगेट, हडपसरमार्गे दौंड-इंदापूरच्या शेतीपर्यंत जातो. आजही पर्वतीच्या पश्चिम बाजूला उभे राहिले की हा कालवा आणि त्याच्या वर उतारावर चढत गेलेली जनता वसाहत एका नजरेत येते. घरावर घर, मधून एक माणूस जाईल एवढी गल्ली, दाराशी निळी पिंपे भरून ठेवलेली, आणि पायऱ्या इथेही. मात्र त्या मोजून कोणी अभिमानाने सांगत नाही. शहराला पाणी देणारे पर्वती जलकेंद्र जवळच. कालवा खालून वाहतो आणि वर हंडा डोक्यावर घेऊन चढावे लागते, हे इथल्या बायकांना नवे नाही.

२७ सप्टेंबर २०१८ ला भर सकाळी जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली. पाणी थेट दांडेकर पुलाच्या परिसरात घुसले, घरांतले सामान रस्त्यावर आले. पाऊस नव्हता, नदीला पूर नव्हता. वर्ष उलटले नाही तोच, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला ढगांनी तळ ठोकला आणि आंबिल ओढा पात्र सोडून वाहिला. अरण्येश्वर भागात टांगेवाला कॉलनीत माणसे गेली, गाड्या एकमेकांवर चढल्या, सोसायट्यांच्या तळमजल्यांत चिखल भरला.

या दुसऱ्या पुराची कारणे शोधताना जो तो प्लॅस्टिक आणि तुंबलेल्या मोऱ्यांकडे बोट दाखवत होता. ते खरेही होते. पण ओढ्याची मूळ गोष्ट त्याहून सोपी आहे. कात्रजच्या डोंगरावरचे पाणी या खोलगट पट्ट्यातूनच जाणार, दुसरी वाट भूगोलाने ठेवलेली नाही. नानासाहेबांनी त्याला वळवले तेव्हा त्याच्यासाठी २५ एकरांचे तळे ठेवले होते. फुगलेल्या पाण्याला पसरायला ती जागा होती. आपण तळ्यात बाग केली, ओढ्याच्या काठाला भिंती घातल्या, वळणे सरळ केली आणि पात्राच्या रुंदीत पार्किंग बसवले. पेशव्यांचे कौतुक करणाऱ्या शहराने त्यांच्या कामातली हीच गोष्ट नेमकी मोडून टाकली.

आता पायथ्याशी आणखी एक बदल घाटत आहे. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा काढून कालव्याचे पाणी भूमिगत न्यायचे, अशी योजना आहे. गळती थांबेल, चोरी थांबेल, शेतीला पाणी जास्त मिळेल, हे तिचे समर्थन. तसे झाले तर शहरातला उघडा कालवा कोरडा पडेल, आणि पर्वतीला वळसा घालणारी ती लांबलचक पट्टी मोकळी होईल. रस्त्याची स्वप्ने पाहणारे या पट्टीवर डोळा ठेवून आहेत. चालायला आणि सायकलला वाट हवी म्हणणारे दुसरीकडे आहेत. कालव्यालगत राहणाऱ्यांचा प्रश्न तिसराच आहे: मोजणीला माणसे येतील तेव्हा त्यांच्या नकाशात आपले घर धरलेले असेल का?